लांब पळताना मनाचं काय करायचं? रविवारच्या पोह्यांवरचे नेहमीचे प्रश्न

रविवारी नागपूरच्या फुटाळा तलावावर पळून झालं की आमची टोळी तर्री पोहे खायला थांबते. नवीन माणूस बुटांबद्दल एकदा विचारतो, गुडघ्याबद्दल दोनदा. त्यानंतर महिनोन् महिने प्रश्न एकच असतो: "सोळा-अठरा किलोमीटरपर्यंत मस्त जाते भाऊ, मग मनच उतरते. त्याचं काय करायचं?" तेच ते सांगून माझे पोहे दर रविवारी गार होतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञही नाही. सहा मॅरेथॉन पूर्ण, एक अर्धवट सोडलेली, आणि दिवसभर फायलींची नोकरी, ही माझी पात्रता.

मनाचा चिवटपणा म्हणजे दात-ओठ खाऊन पळणं का?

मलाही आधी तसंच वाटायचं. पाच किलोमीटरच्या शर्यतीत दात-ओठ खाऊन निभतं. साडेचार तासांच्या कामात मात्र जबडा आवळला की मान आखडते, खांदे कानाला टेकतात आणि पंचविसाव्या किलोमीटरला माणूस त्या आवळण्यानंच दमलेला असतो.

लांब पळताना मन घासाघीस करतं, बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवर गिऱ्हाईक करतं तशी. तुम्ही घरून ३० ठरवून निघता. ते २० म्हणतं. नाही म्हटलं तर "बरं, २४, पण आता पाच मिनिटं चालू." तेही नाही म्हटलं तर गुडघा पुढे करतं, मग पोट, मग घरी येणारे पाहुणे. दर वेळी "गप्प बस" म्हणूनही भागत नाही, कारण कधीकधी ते खरं बोलत असतं. खरं कोणतं आणि लबाडीचं कोणतं हे ओळखता आलं पाहिजे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच, आणि तो सरावानं हाती येतो.

माझेच दोन किस्से सांगतो. पहिल्या मॅरेथॉनला ३४ व्या किलोमीटरला माझा उजवा गुडघा "गेला". दुभाजकावर बसलो, बुटाची नाडी सोडली, संपलं म्हणून बायकोला फोनही केला. तेवढ्यात एका शाळकरी पोरीनं मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली. ती खाल्ली, आणखी दोन मागून घेतल्या, उठलो. ३५ च्या पाटीजवळ लक्षात आलं की आपण पळतोय आणि गुडघ्याची आठवणही नाही. संध्याकाळी दुखला तो डावा.

दुसरा किस्सा त्यानंतर दोन वर्षांनी. नडगीवर एका बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखायची. पळताना वाढायची, रात्री अंथरुणातही ठणकायची. मी आता अनुभवी माणूस, म्हटलं मनाची नाटकं आहेत. तीन आठवडे तसाच पळालो. हाडाला बारीक तडा निघाला, स्ट्रेस फ्रॅक्चर. आठ आठवडे घरी. "मन फार खंबीर आहे हो यांचं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची एकही संधी बायकोनं सोडली नाही.

थकवा नक्की कुठे असतो, पायात की डोक्यात?

दोन्हीकडे, पण हिशोबाची वही एकच. सॅम्युएल मार्कोरा या संशोधकानं वेल्समध्ये सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा जणांना एकदा ९० मिनिटं संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळी नंतर सायकलवर बसवून दम संपेपर्यंत पेडल मारायला लावलं. माहितीपट पाहिल्यावर सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर ६४०. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापात हे समजावणारा फरक सापडला नाही. फरक पडला तो श्रम किती वाटतात यात. शिणलेल्या डोक्याला तेवढंच काम पहिल्या मिनिटापासून जड वाटत होतं.

ऑफिसात मार्चअखेर काढलेल्या कुणालाही हे वेगळं पटवावं लागत नाही. दिवसभर खुर्चीवर बसून पाय ताजेतवाने, आणि संध्याकाळी अंबाझरीला दोन किलोमीटरमध्ये जीव नको. अशा दिवशी घड्याळ बघून स्वतःला शिव्या घालू नका. वेग सोडा, श्रमावर पळा. गुन्नर बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं श्रम किती वाटतात ते आकड्यात सांगायची पद्धत रूढ केली, तिचं आमच्या टोळीतलं रूप साधं आहे: १ म्हणजे ओट्यावर बसलोय, १० म्हणजे मागे कुत्रं लागलंय. लांबचं पळणं ४ ते ५ मध्ये व्हायला हवं, सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतपत. हा आकडा मनात अधूनमधून विचारायची सवय लावा. पुढे तोच कामी येतो.

उलटा उपयोगही आहे. शर्यत दूर असताना महिन्यातून एक-दोनदा मुद्दाम शिणलेल्या डोक्यानं पळायला जा. अंतर कमी ठेवा. जड वाटणं हा नेहमीच पायांचा निरोप नसतो, हे त्या संध्याकाळी अंगात मुरतं.

तीस-बत्तीस किलोमीटरला अचानक पाय उचलेनासे होतात, "भिंत" येते म्हणतात. ती मनाची असते ना?

नाही. ती बरीचशी पोटाची असते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे अंगातला साखरेचा साठा, साधारण त्या टप्प्यावर तळाला जातं, आणि साखरेवरच चालणारा मेंदू कुरकुरायला लागतो. लोक त्याला मनाचा कमकुवतपणा समजतात आणि उपाशी पोटी स्वतःला प्रेरणादायी वाक्यं ऐकवत बसतात. रिकाम्या टाकीला कीर्तन ऐकवून गाडी सुरू होत नाही.

दीड तासाच्या पुढचं पळणं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळं म्हणजे पंचवीसच्या आसपास, सुपारीएवढा गुळाचा खडा म्हणजे दहाच्या आसपास. खजूर, चिक्की, संत्र्याच्या गोळ्या, जे तुमचं पोट सोसेल ते. पण सरावात खाऊन पाहिलेलंच. मन चिडचिडं झालं, बाजूनं जाणाऱ्या सायकलवाल्याचाही राग यायला लागला, की आमच्यात पहिला प्रश्न "शेवटचं कधी खाल्लं?" हाच असतो. दहातल्या सात वेळा तरी माणूस गूळ खाऊन सुधारतो. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे.

शास्त्र असं की, कर्बोदकं विरघळवलेलं पाणी न गिळता नुसतं तोंडात खळखळवून थुंकलं तरी तासाभराच्या सायकल शर्यतीत सुमारे ३ टक्के फरक पडल्याचं २००४ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. पोटात काही गेलेलं नसताना! जिभेवरून मेंदूला खबर गेली की माल येतोय, आणि त्यानं हात सैल सोडला. म्हणजे घासाघीस दोन्ही बाजूंनी चालते. पोट बिघडलं असेल आणि काही गिळवत नसेल, तर हा उपाय लक्षात ठेवा.

तासन् तास पळताना डोक्यात चालू काय ठेवायचं?

यावर टोळीत भांडणं झाली आहेत. एक पंथ म्हणतो मन दुसरीकडे गुंतवा: घराचे हप्ते, मुलीची परीक्षा, काहीही. दुसरा म्हणतो श्वास, पाय आणि खांदे यांवर लक्ष ठेवा. मॉर्गन आणि पोलॉक यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या अव्वल मॅरेथॉनपटूंबद्दल लिहिलं, ते बहुतांशी दुसऱ्या पंथाचे निघाले. शरीराची खबर घेत, त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करत पळणारे.

मी मिश्र पंथाचा. पहिले दोन तास मन मोकळं सोडतो, दर वीसेक मिनिटांनी हजेरी घेतो: जबडा सैल आहे का, मुठी उघड्या आहेत का, पाणी प्यालो का. अवघड पट्ट्यात मात्र मोजणं सुरू. पॉला रॅडक्लिफ, जिनं २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा महिला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला, ती कठीण वेळी आकडे मोजायची. शंभर तीनदा मोजून झाले की साधारण एक मैल. आकडे रुक्ष वाटत असतील तर नाम घ्या. आमचे एक काका "विठ्ठल" दोन पावलांत बसवतात, "वि" डाव्यावर आणि "ठ्ठल" उजव्यावर, आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर आम्हा तिशी-चाळिशीतल्यांना मागे टाकतात. वर पोचल्यावर विचारलं तर म्हणतात, "मी पळतच नव्हतो, मी म्हणत होतो."

स्वतःशी काय बोलावं? "मी करू शकतो" वगैरे मला फार कृत्रिम वाटतं.

मग म्हणू नका. ज्या भाषेत तुम्ही स्वतःला शिव्या घालता त्याच भाषेत धीर द्या. २०१४ च्या एका अभ्यासात काही जणांना दोन आठवडे स्वतःशी बोलायच्या वाक्यांचा सराव करायला लावला. वाक्यं त्यांनी स्वतःच निवडलेली होती, काही सुरुवातीची आणि काही शेवटच्या कठीण भागासाठी. ते सायकलवर आधीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले. नुसत्या दोन-चार शब्दांवर!

दोन गोष्टी अनुभवानं सांगतो. वाक्य आधी ठरलेलं हवं. ३५ व्या किलोमीटरला सुचत नाही, तिथे फक्त आठवतं. आणि "मी" ऐवजी "तू" म्हणून पाहा. "मला जमेल" म्हणताना मन लगेच उलट विचारतं, "कशावरून?" "तू चल, पुढच्या खांबापर्यंत चल" याला ते उलट बोलत नाही, थोरल्या भावानं सांगितल्यासारखं ऐकतं. माझं वाक्य फार साधं आहे: "होते बे, चाल." सरावात ते सोपं असतानाही म्हणतो, म्हणजे गरजेच्या वेळी ते ओळखीचं असतं.

एक गोष्ट टाळा: खोटं बोलणं. "काही दुखत नाहीये" असं म्हटलं की मन पुराव्यासकट हजर होतं. "दुखतंय, आणि हे दुखणं मला माहीत आहे" असं म्हटलं तर वाद तिथेच संपतो.

४२ किलोमीटर हा आकडा ऐकूनच पोटात गोळा येतो.

येणारच. म्हणून तो आकडा पहाटे निघताना घरी ठेवून यावा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते, साधारण सातशे किलोमीटर, महिनाभराचा रस्ता. माझी मावशी एकदा गेली होती. "सातशे किलोमीटर कशी चाललीस?" म्हणून विचारलं तर तिला प्रश्नच कळेना. तिला सकाळी फक्त दुपारचा विसावा माहीत असायचा, आणि दुपारी रात्रीचा मुक्काम. अंतर असतं ते बाहेरून बघणाऱ्याला.

शर्यतीचे विसावे आधीच ठरवून ठेवा, आणि ते सारख्या लांबीचे नसू द्या. सुरुवातीला दहा-दहाचे चालतात, तिसाव्यानंतर दोन-दोनचे, अगदी शेवटी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत. प्रत्येक विसाव्याला छोटं बक्षीस ठेवा: एक घोट, एक गोळी, टोपी काढून डोक्यावर पाणी. एकदा मी ३८ ते ३९ हा एक किलोमीटर फक्त पुढच्या माणसाच्या बनियनवरचं दुकानाचं नाव वाचत काढला. लग्नाच्या पत्रिका छापणारं दुकान होतं. फोन नंबर अजून पाठ आहे.

कंटाळा! दुखणं सोसतो मी, पण कंटाळा मारतो.

हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न, आणि याचं उत्तर गोड नाही. कंटाळ्याचा सराव कंटाळ्यानंच होतो. रस्ता दर रविवारी बदलून, कधी गोरेवाडा, कधी वर्धा रोड असं करून मजा येते, यावीच. पण सहा आठवड्यांतून एकदा मी मुद्दाम सर्वांत कंटाळवाणं काम करतो: ४०० मीटरच्या मातीच्या मैदानावर ५० फेऱ्या. २० किलोमीटर, तेही एकट्यानं, कानात काही न घालता.

फेऱ्या मोजताना चुकायचो, म्हणून आईनं चिंचोक्यांची पुरचुंडी दिली. पन्नास चिंचोके उजव्या खिशात. फेरी पूर्ण झाली की एक काढून कडुलिंबाखालच्या डब्यात टाकायचा. पहिले दहा कसे संपतात कळत नाही. पंधरा ते तीसमध्ये खरा कंटाळा. खिसा अजून जड, डबा अर्धाही नाही, मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं "काका, किती राहिले?" म्हणून चिडवतात. एकदा एका पोरानं डब्यातले सहा चिंचोके गुपचूप काढून माझ्या हातात परत दिले, पाहायला की मी काय करतो. मी रागावलो, आणि मग त्या सहा फेऱ्याही पळालो. शर्यतीत आयोजकांची पाटी चुकीच्या जागी लागलेली असते आणि शेवट अर्धा किलोमीटर लांब निघतो, तेव्हा मला त्या पोराचे उपकार आठवतात.

पस्तीस फेऱ्यांच्या पुढे मन गंमत करतं: घासाघीस थांबते. कंटाळा जात नाही, पण त्याचा त्रास जातो. पावसाची रिपरिप चालूच राहते आणि आपलं लक्ष तिच्यावरून उडतं तसं काहीसं. तिथे एकदा पोचून आलात की पुढच्या वेळी रस्ता माहीत असतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय? मन खंबीर असेल तर मे महिन्यातही लांब पळता येईल ना?

इथे मी कडक बोलणार आहे. ४५ अंश पार जाणाऱ्या शहरात ऊन हा मनाचा प्रश्नच नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पहाटे साडेचारला निघालं तरी रस्ता रात्रभराची उष्णता परत देत असतो. एप्रिल-मेमध्ये लांब पळणं कमी करा, साडेसहाच्या आत घरी या. उष्णतेची सवय अंगाला लागायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि त्या काळात वेग कमीच राहतो. तुमचं मन मऊ पडलेलं नसतं, रक्ताला कातडीकडेही जावं लागतं म्हणून तसं होतं.

सोबतचा माणूस अडखळायला लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण भांडू लागला, तर तो "मनानं लढतोय" असं समजून टाळ्या वाजवू नका. तो उष्माघात असू शकतो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हाही गैरसमज आहे. पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामानं चिंब असू शकतं. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल तेवढ्या थंड पाण्यानं अख्खं अंग भिजवत राहा, शक्य असेल तर हौदात किंवा टबात बसवा, सोबत रुग्णवाहिका बोलवा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची रीत मला आवडते, मीही ठेवतो, पण या प्रसंगी कांद्याचा उपयोग नाही.

आणि उलट चूकही करू नका: चार तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, तेही जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्या, मीठ-साखर सोबत असू द्या.

पहाटे अंधारात भीती वाटते. हाही मनाचा कमकुवतपणा?

मुळीच नाही. ही भीती खरं बोलते. आमच्या टोळीतल्या ताया उजेडाच्या, वर्दळीच्या रस्त्यानं आणि किमान तिघी मिळून पळतात. त्यांना "घाबरता काय" म्हणणाऱ्या एका दादांना आम्ही एकदा चांगलं समजावलं.

कुत्र्यांचं म्हणाल तर: पळणं थांबवा, चालायला लागा, डोळ्यात बघू नका, पाठ फिरवून धूम ठोकू नका. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. "बघू उद्या" नाही.

इअरफोन?

मैदानावर खुशाल. वर्धा रोडवर नको, मागून ट्रक येतात.

एकट्यानं पळावं की टोळीत?

अंथरुणातून उठायला टोळी लागते. पाच वाजता चौकात कुणीतरी तुमची वाट बघत थंडीत उभं आहे, यापेक्षा मोठी प्रेरणा मला अजून सापडलेली नाही. पण टोळीत घासाघीस करणारं मन झाकलं जातं, गप्पांमध्ये त्याचा आवाज येत नाही. शर्यतीत शेवटचे दहा किलोमीटर बहुतेक वेळा एकटेच असता. म्हणून चारातला एक रविवार एकट्याचा ठेवा.

महागडं घड्याळ नसेल तर चालेल का?

भारताचे शिवनाथ सिंग अनवाणी पळायचे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये ते अकरावे आले आणि १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो मोडायला पुढच्या कितीतरी पिढ्या धडपडल्या. तुम्ही बूट घाला, काचा फार असतात. पण आठवड्यातून एक पळणं घड्याळ घरी ठेवून करा. आकडा दिसला नाही की श्रम किती आहेत ते खरंखरं विचारावं लागतं.

हसत पळलं की बरं वाटतं म्हणे. खरं का?

केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगेला पाहिलं असेल. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत ४२.१९५ किलोमीटर पळताना तो मध्येच हसायचा. हसल्यानं पळण्याचा प्राणवायूचा खर्च किंचित घटतो असं एका छोट्या अभ्यासात दिसलंय. मला वाटतं, चेहरा सैल सोडणं ही खरी गोष्ट. जबरदस्तीचं हसू फोटोवाल्यासाठी ठेवा.

शर्यतीच्या आधीच्या पंधरवड्यात मला सगळीकडे दुखायला लागतं.

सगळ्यांना लागतं. अंतर कमी केलेलं असतं, मनाला काम नसतं, म्हणून ते अंगभर फिरून तक्रारी गोळा करतं. मागच्या डिसेंबरात मला तर टाच, दाढ आणि घसा एकदम दुखत होते. दोन दिवसांत जागा बदलणारं दुखणं सहसा लबाड असतं. एकाच जागी मुक्काम ठोकलेलं दाखवून घ्या.

आदल्या रात्री झोप लागत नाही याचीही चिंता नको. आधीच्या आठवड्याची झोप महत्त्वाची, विशेषतः आदल्याच्या आदल्या रात्रीची. एक काम मात्र करा: कागदावर "असं झालं तर तसं" अशा चार-पाच ओळी लिहा. पोटात पेटका आला तर दोन मिनिटं चालून लांब श्वास सोडीन. पहिल्या पाच किलोमीटरला वेग वाढला तर मुद्दाम कुणाच्या तरी मागे राहीन. बुटात खडा गेला तर लगेच थांबून काढीन. शेवटची ओळ हसण्यावारी नेऊ नका. "पुढे काढू" म्हणून मी एकदा अकरा किलोमीटर खडा सांभाळला होता.

मग सोडून कधी द्यायचं?

छातीत दुखलं, चक्कर आली, डोकं भ्रमलं, लंगडावं लागतंय, हाडावर एका बोटाएवढी जागा ठणकतेय: तिथेच थांबा, मदत मागा. पळून झाल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. इथे चर्चा नाही.

बाकी सगळ्याला माझा नियम असा: चढावर, उपाशी किंवा एकटं असताना निर्णय घ्यायचा नाही. खा, पाणी प्या, पुढच्या मदतकेंद्रापर्यंत चालत जा, आणि तिथे उभं राहून श्रमाचा आकडा विचारा. दहा मिनिटं सावकाश चालल्यावर आकडा उतरला तर मन बोलत होतं. उतरला नाही, उलट चालतानाही दुखणं वाढत गेलं, तर शरीर बोलतंय. मी जी शर्यत अर्धवट सोडली ती याच नियमानं, २७ व्या किलोमीटरला, उलट्या थांबेनात म्हणून. गाडीत बसलो तेव्हा रडू आलं हे खरं, पण त्या निर्णयाबद्दल आजतागायत शंका आली नाही. दुभाजकावर बसून केलेला तो फोन मात्र अजून लाजवतो.

मी ५२ वर्षांचा, फार हळू पळतो. शेवटी राहण्याची लाज वाटते.

दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून कॉम्रेड्स नावाची शर्यत होते, डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांमध्ये, नव्वदच्या आसपास किलोमीटर. नागपूरहून वर्धा गाठून आणखी दहा-बारा किलोमीटर पुढे पळालात असं समजा. सहसा एक वर्ष चढाच्या दिशेनं, पुढच्या वर्षी उताराच्या. वेळमर्यादा १२ तास. ती संपायच्या क्षणी एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ यासाठी की, कोण दोन पावलांनी हुकलं ते त्याला दिसू नये. आणि शेवटच्या मिनिटांत मैदानात जो गलका होतो तो विजेत्यालाही मिळत नाही म्हणतात.

आता तुमचं. हळू पळणारा जास्त वेळ रस्त्यावर असतो. अडीच तासांत संपवणाऱ्यापेक्षा साडेपाच तास पळणाऱ्याला मनाशी दुप्पट घासाघीस करावी लागते, तीही पाण्याचे स्टॉल आवरत आलेले असताना आणि रस्ता रहदारीला खुला झालेला असताना. पन्नाशीत सुरू करत असाल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या, आणि मग लाज वगैरे विसरा. आम्ही पोहे संपवून तुमच्यासाठी थांबतो, हे तुम्हाला माहीत आहे.

शर्यत संपली, आता आठवडाभर काहीच करावंसं वाटत नाही. उदास वाटतं.

चार महिने पहाटेला एक कारण होतं, ते गेलं. होतं असं. दोन आठवडे पळू नका, मुलांसोबत सिनेमाला जा, ज्यांची लग्नं चुकवली त्यांच्याकडे जेवायला जा. लगेच दुसऱ्या शर्यतीची नोंदणी करून ती पोकळी भरू नका. महिन्यापेक्षा जास्त टिकलं, झोप-भूक बिघडली, तर बूट नव्हे, डॉक्टर बघा.

घरचे विचारतात, पैसे भरून पळता, त्या पदकाचं करायचं काय?

आमच्याकडे पाच पदकं देवघराशेजारच्या खुंटीला आहेत, त्यांवर पिशव्याही टांगल्या जातात. सहाव्याच्या फितीनं आईनं गच्चीवरचं टोमॅटोचं रोप काठीला बांधलं. टोमॅटो आंबट निघाले, पण भाजीला चालले.